पांढरा शर्ट

पहिली काच फुटली तेव्हा रात्रीचे दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रावर, तीच वेळ तीन वाजून तीन मिनिटं अशी दिसते, कारण आमच्या डीव्हीआरचं घड्याळ तेवीस मिनिटं पुढे होतं. त्या दिवसापर्यंत हे मला माहीत नव्हतं. पुढच्या आठ महिन्यांत या तेवीस मिनिटांबद्दल मला चार वेळा सांगावं लागलं, त्यातलं तीनदा सही करून.

१२ नोव्हेंबर २०२४, कार्तिकी एकादशीची रात्र. विधानसभेच्या मतदानाला आठवडा राहिला होता. पुण्यात धनकवडीच्या वरच्या अंगाला आमची अठ्ठावीस फ्लॅटची जुनी सोसायटी आहे आणि मी तिची सेक्रेटरी. आवाजाने जाग आली, पण बाल्कनीत जायची हिंमत झाली नाही. आधी मला वाटलं फटाके आहेत. मग कुणीतरी आईवरून शिव्या देत ‘बाहेर ये’ असं ओरडलं आणि पुन्हा काचा फुटल्या. सगळं मिळून चार मिनिटं चाललं असेल. वॉचमन काकांनी मीटरच्या खोलीला आतून कडी लावून घेतली होती, म्हणून ते वाचले.

खाली गेलो तेव्हा सात चारचाकी आणि अकरा दुचाकींची वाट लागलेली होती. सर्वांत वाईट अवस्था रिक्षाची. मागच्या इमारतीत भाड्याने राहणारे एक रिक्षावाले दादा आमच्या गेटच्या आत गाडी लावत, महिन्याला तीनशे रुपये देऊन. तिचं हूड कोयत्याने उभं फाडलं होतं. ते काही बोलले नाहीत. फाटलेल्या हुडाच्या दोन कडा हातात धरून त्या जुळतात का ते बघत राहिले.

कॅमेरे आमच्याकडे तेव्हा नऊ वर्षांपासून होते. २०१५ च्या जूनमध्ये सिंहगड रोडवर एका रात्रीत कितीतरी दुचाकी जाळल्या गेल्या, तेव्हा पुण्यातल्या प्रत्येक पार्किंगवाल्या सोसायटीच्या पोटात गोळा आला होता. त्यानंतरच्या सभेत कॅमेऱ्यांचा ठराव झाला. शहरातल्या चौकांत पोलिसांचे कॅमेरे आले त्याचं कारण वेगळं होतं. २०१० चा जर्मन बेकरीचा स्फोट आणि २०१२ चे जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट, यांनंतर त्या कामाने जोर धरला. दहशतवादी सापडावेत म्हणून लावलेल्या त्या खांबांखाली आज पोलीस बहुतेक वेळा सोळा-सतरा वर्षांची पोरं शोधत असतात, असं मला नंतर एका हवालदारांनी सांगितलं.

पहाटे पाच वाजता चेअरमन, मी आणि आणखी चौघं ऑफिसात दाटीवाटीने बसलो आणि रेकॉर्डिंग लावलं. तीन नंबरचा कॅमेरा पार्किंगवर आहे. तिथे दिवा नव्हता, त्यामुळे चित्र काळं-पांढरं. चार पोरं दिसली. दोघांच्या हातात रॉड, एकाच्या हातात बांबू आणि चौथ्याच्या हातात कोयता. चौथ्याच्या अंगात पांढरा शर्ट. रिक्षा त्यानेच फाडली. तोंड कॅमेऱ्याकडे एकदाही नाही.

मग कुणीतरी एक नंबरचा कॅमेरा लावायला सांगितला. तो रस्त्यावर आहे, महापालिकेच्या दिव्याखाली, आणि रात्रीही रंगीत दिसतो. काचा फुटायच्या आठ मिनिटं आधी त्यात एक मुलगा एकटाच चालत जाताना दिसला. पांढरा शर्ट, काळी पँट, खांद्याला सॅक. चेहरा अगदी स्पष्ट. “अरे, हा तर भुर्जीच्या गाडीवरचा पोरगा,” खोलीतलं कुणीतरी म्हणालं. पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी मी दोन्ही क्लिप एकापाठोपाठ सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्या आणि खाली लिहिलं, ‘हेच ते. ओळखत असाल तर सांगा.’

हे मी केलं. रागाच्या भरात केलं आणि करताना मला ते कर्तव्यच वाटलं. त्या सहा शब्दांतला ‘हेच’ मी पुढे शंभर वेळा वाचला असेन.

पोलीस चौकीत सकाळी आधी इन्शुरन्सपुरता अर्ज द्या असं सुचवण्यात आलं. सगळे निवडणुकीच्या बंदोबस्तात होते, माणसं नव्हती, हे डोळ्यांना दिसतच होतं. पण आम्ही वीस जण गेलो होतो आणि रिक्षावाले दादा पुढे उभे होते. इन्शुरन्सचं म्हणाल तर अकरांपैकी आठ दुचाकींना फक्त थर्ड पार्टी होता, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं काहीच मिळणार नाही. रिक्षेचंही तेच. शेवटी फिर्याद घेतली गेली आणि फिर्यादी म्हणून माझं नाव लागलं. नुकसान लाखाच्या वर, म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ (५), शिवाय हत्यारं बाळगल्याची आणि दहशत माजवल्याची कलमं.

अकराच्या सुमारास एक महिला पीएसआय पंचनाम्याला आल्या. वय तिशीच्या आत असेल. आल्या आल्या त्यांनी गाड्यांकडे न बघता डीव्हीआरकडे बघितलं आणि विचारलं, “मॅडम, याचं घड्याळ बरोबर आहे का?” मी हो म्हणाले. त्यांनी आपला मोबाईल स्क्रीनशेजारी धरला आणि दोन्ही वेळा एकाच फोटोत येतील असा फोटो काढला. तेवीस मिनिटांचा फरक तेव्हा कळला. पंचनाम्यात त्यांनी तो शब्दांत लिहून घेतला. दुसरा प्रश्न होता, किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं? आमची डिस्क एक टीबीची आणि कॅमेरे आठ. बारा दिवसांनी जुन्यावर नवं चढतं. “म्हणजे तेराव्या दिवशी आला असतात तर हातात काही नव्हतं,” त्या म्हणाल्या.

मग प्रमाणपत्र. हा भाग मी सविस्तर सांगते, कारण बहुतेक सोसायट्यांना तो माहीत नसतो आणि इथेच केस ढासळते. नुसता पेनड्राइव्ह कोर्टात चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू झालं. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. भाग ‘अ’ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने. यंत्र कोणतं, त्याचा क्रमांक काय, ते नीट चालत होतं का, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू. ही म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. क्लिपमधलं एक चित्र जरी बदललं तरी तो आकडा बदलतो. पीएसआय मॅडमनी मला समजावताना जालन्याचं उदाहरण दिलं. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या निवडणुकीच्या वादात उमेदवारी अर्ज तीन वाजायच्या आत आला की नंतर, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांवरून ठरवायचं होतं आणि प्रमाणपत्राचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२० मध्ये निकाल लागला की मूळ यंत्रच कोर्टापुढे आणत नसाल तर प्रमाणपत्र हवंच. आपल्या जालन्यातल्या एका खोलीतल्या कॅमेऱ्यावरून हा नियम देशभर पक्का झाला, आणि त्याच नियमाचा कागद माझ्यासमोर टेबलावर पडला होता. मी तो दोनदा वाचून सही केली.

चौथ्या दिवशी मुलं सापडली. एक एकोणीस वर्षांचा, बाकी तिघं अठराच्या आतले. दांडियात झालेल्या भांडणाचा राग होता आणि ज्याच्यावर राग होता तो आमच्या सोसायटीत राहतही नव्हता. त्याच्या मित्राची गाडी इथे लागते असं कुणीतरी सांगितलं होतं. एवढ्यावरून अठरा गाड्या आणि एका माणसाची रोजीरोटी.

सोसायटीत एकच मागणी सुरू झाली, धिंड काढा. पुण्यात तोडफोड करणाऱ्यांना त्याच गल्लीतून फिरवल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. मलाही तेव्हा तेच हवं होतं. मी पीएसआय मॅडमना फोन करून विचारलंही. त्या म्हणाल्या, “तिघं बालक आहेत मॅडम. त्यांना बेडी घालता येत नाही, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, मी त्यांच्याशी बोलताना गणवेशसुद्धा घालत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे नेणं आहे.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आणि तुमच्या ग्रुपवरची ती क्लिप. ती कुठपर्यंत गेलीय बघितलंत का?”

बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी शेजारच्या मुलीने मला तिच्या फोनवर दाखवली. आमच्याच पार्किंगची क्लिप, आमच्याच सोसायटीचं नाव कोपऱ्यात, तीन वाजून तीन मिनिटांची ती चुकीची वेळसुद्धा तशीच. मागे ढोलाचं गाणं लावलेलं, वर मुकुटाची चित्रं आणि ‘भाईचा एरिया’ अशी अक्षरं. त्या पोरांच्या दोस्तांनी ती स्टेटसला ठेवली होती. आम्ही चेहरा सापडावा म्हणून जे बाहेर सोडलं त्याचं त्यांनी तोरण केलं. नुसता आरडाओरडा करून दोन गल्ल्यांत पसरली असती ती दहशत आम्ही फुकटात शहरभर पोचवून दिली होती.

आणि पहिल्या काही सेकंदांत, गाण्याच्या सुरुवातीला, तो भुर्जीच्या गाडीवरचा मुलगा रस्त्यावरून चालत जात होता.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. तो सतरा वर्षांचा. आयटीआयला जायचा, संध्याकाळी वडिलांना गाडीवर मदत आणि लग्नसराई नसली तरी एकादशीच्या फराळाला, बारशांच्या जेवणावळींत केटररकडे वाढपी. पांढरा शर्ट, काळी पँट हा वाढप्यांचा पोशाख. त्या रात्री तो भांडी टेम्पोत भरून घरी चालला होता. क्लिप फिरली त्याच दिवशी चौकातल्या काही जणांनी त्याला धरून मारलं. गाडी तिथे लावायची नाही असं वडिलांना सांगण्यात आलं. पोलिसांनीही त्याला आईवडिलांसह बोलावलं, विचारपूस केली, केटररशी बोलले आणि त्याच दिवशी घरी पाठवलं. पण पोलिसांनी त्याला सोडलं ही बातमी काही कुणी फॉरवर्ड केली नाही.

तरीही, खरं सांगायचं तर, माझ्या मनात शंका होती. क्लिपमध्ये पांढरा शर्ट आहे ना, मग तो कुणाचा? पकडलेल्यांपैकी ज्याने रिक्षा फाडली असं पोलीस म्हणत होते, त्याच्याकडून जप्त झालेला टीशर्ट काळा होता. मी पीएसआय मॅडमना हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुमच्या कॅमेरेवाल्याला विचारा.

आमचा कॅमेरेवाला धायरीचा एक तरुण मुलगा आहे. त्याने फोनवर ऐकलं आणि म्हणाला, “काकू, रात्री येतो. घरातले दोन-तीन काळे कपडे काढून ठेवा.” रात्री साडेनऊला त्याने पार्किंगमध्ये दोरी बांधली. तिच्यावर माझ्या मुलाची काळी क्रिकेटची जर्सी, माझा काळा सुती कुर्ता आणि मिस्टरांची काळी पँट टांगली. ऑफिसात येऊन स्क्रीन बघितली. कुर्ता काळा होता. पँट राखाडी. जर्सी दुधासारखी पांढरी.

मी बाहेर जाऊन पाहिलं. जर्सी काळीच होती.

अंधारात हा कॅमेरा आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि तो परत येईल तेवढंच बघतो. पॉलिस्टरच्या कपड्यांना वापरलेले बरेच काळे रंग तो प्रकाश शोषून घेत नाहीत. त्यामुळे कापड पांढरं दिसतं. त्या चित्रात रंग नसतोच, आम्ही तो आमच्या मनाने भरला होता. कॅमेरेवाल्याला हे माहीत होतं, पीएसआय मॅडमना माहीत होतं. पहाटे पाच वाजता त्या ऑफिसात बसलेल्या सहा जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं आणि आमच्यातला प्रत्येक जण खात्रीने बोलत होता.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन पुरवणी जबाब दिला. एक नंबरच्या कॅमेऱ्यातल्या मुलाचा घटनेशी संबंध असल्याचं मला काहीही माहीत नाही, ओळख अंदाजाने लावली होती, असा. जर्सीचा प्रयोगही लिहून दिला. पीएसआय मॅडमनी तेव्हा मला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाचायला दिलं. कायद्याशी ज्याचा संबंध आला अशा मुलाची ओळख उघड होईल असं काहीही, नाव असो, पत्ता असो, शाळा असो की चित्र, कुठल्याही माध्यमातून प्रसिद्ध करायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मला वाटत होतं हे वर्तमानपत्रांसाठी असेल. “माध्यम म्हणजे तुमचा ग्रुपसुद्धा,” त्या शांतपणे म्हणाल्या. त्यांनी माझ्यावर काही केलं नाही. पण मी घरी येऊन जेवले नाही.

मुलाचे वडील त्याच आठवड्यात घरी आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाले, “मॅडम, मला काय सांगू नका. जिथं टाकलं तिथं लिहा.”

मी लिहिलं. ग्रुपवर, पूर्ण नावानिशी माझं. मग कळलं की मूळ क्लिपला जे पाय होते ते या मजकुराला नव्हते. चार अंगठे आले आणि खाली कुणीतरी पाण्याच्या टँकरचा विषय काढला. म्हणून मी कागदावर छापून घेतलं आणि मिस्टरांना घेऊन फिरले. आजूबाजूच्या पाच सोसायट्यांचे चेअरमन, चौकातलं गणपती मंडळ, किराणावाले, केशकर्तनालय. मारणाऱ्यांतले दोघं मंडळात भेटले. एकाने मान खाली घातली. दुसरा म्हणाला, “काकू, तुम्हीच तर टाकलं होतं.” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भुर्जीची गाडी आता आमच्या गेटच्या डाव्या हाताला लागते, सोसायटीच्या ठरावाने. रिक्षावाल्या दादांसाठी वर्गणी काढली. चौदा हजार जमले, त्यात हूड आणि काच झाली.

नंतरचे काही महिने तारखांत गेले. एकोणीस वर्षांच्या मुलाची केस वेगळ्या कोर्टात, कारण बालकाची आणि सज्ञानाची चौकशी एकत्र चालत नाही. ती अजून चालू आहे. बाल न्याय मंडळाचं समन्स मला एप्रिलमध्ये आलं.

बाल न्याय मंडळ हे नाव पुण्यात २०२४ च्या मे महिन्यानंतर रिक्षा स्टँडवरसुद्धा सगळ्यांच्या तोंडी होतं, कल्याणीनगरच्या त्या पोर्श गाडीच्या अपघातामुळे. दोन तरुण जीव गेले आणि जामिनाच्या अटीत तीनशे शब्दांचा निबंध, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. मी निघाले तेव्हा शेजारच्या आजोबांनीही तेच म्हटलं, “जा, निबंध लिहून घेतील.” तो राग मला समजतो. पण येरवड्याला मंडळापुढे जाऊन जे पाहिलं ते सांगायला हवं.

मी कोर्ट डोक्यात घेऊन गेले होते. उंच मंच, पिंजरा, लाल पट्टा. तिथे तसं काहीच नव्हतं. एक साधी खोली, टेबल, पलीकडे न्यायदंडाधिकारी आणि दोन सदस्य, त्यांतल्या एक बाई. सगळे एकाच पातळीवर बसलेले. मुलांशी बोलताना आवाज चढत नव्हता, पण विषय सुटतही नव्हता. बाहेरच्या बाकावर मी दीड तास बसले होते. शेजारी एक बाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बोलता बोलता कळलं की त्या रिक्षा फाडणाऱ्या मुलाच्या आई. मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणाल्या, “ताई, आमचं पोरगं कधी घरी यायचं, कधी जायचं, ते मला सांगायला कोण नव्हतं. मी चार घरची भांडी करून रात्री दहाला येते. आता ते प्रोबेशनवाले साहेब दर आठवड्याला विचारतात, तर तो मलाच आधी सांगतो, आई मी निघालो.” मग मी कोण ते सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट केलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “रिक्षा नीट झाली का त्यांची?”

मला आत विचारलेले प्रश्न थोडेच होते. सही तुमचीच का? डीव्हीआर कुणाच्या ताब्यात होता? घड्याळाचं काय? तेवीस मिनिटं, चौथ्यांदा. शेवटी सदस्य बाईंनी विचारलं, “क्लिप बाहेर कशी गेली?” मी म्हणाले, मी पाठवली. त्यांनी ते लिहून घेतलं.

त्या तिघांबाबत जुलैमध्ये काय आदेश झाला तो मला अधिकृतपणे कळायचं कारण नाही, आणि कानावर जे आलं ते इथे लिहायचं नाही. समुपदेशन, समाजसेवा, पालकांनी भरायचा दंड, परिविक्षा म्हणजे देखरेखीखाली घरी राहणं, विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं, असे मार्ग कायद्यात आहेत. त्यातलं काहीतरी झालं. एवढं नक्की की आमच्या गल्लीत त्यानंतर काच फुटलेली नाही. ते कशामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. आम्ही पार्किंगमध्ये चार दिवे लावले, रात्रभर चालू. आता तीन नंबरचा कॅमेराही रंगीत दिसतो. डीव्हीआरचा पासवर्ड दोघांकडे असतो, रेकॉर्डिंग फक्त पोलिसांना लेखी मागणीवर मिळतं आणि दर एक तारखेला मी मोबाईल शेजारी धरून घड्याळ तपासते.

तो मुलगा आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाडीवर असतो. मला ‘काकू’ म्हणतो, पण माझ्याकडून पैसे घेताना वर बघत नाही. पांढरा शर्ट मी त्याच्या अंगात पुन्हा पाहिलेला नाही. केटररचं काम त्याने सोडलं.

गेल्या महिन्यात नाशिकहून भाचीचा मेसेज आला. ‘मावशी, ही तुमचीच सोसायटी ना?’ खाली क्लिप. गाणं बदललेलं होतं. पहिले काही सेकंद तसेच होते, दिव्याखालून जाणारा मुलगा, खांद्याला सॅक. मी तिला लगेच फोन केला. अठ्ठावीस मिनिटं बोललो. तिने तिच्याकडची काढून टाकली आणि तिला जिने पाठवली होती तिचा नंबर मला दिला.